किंगरीचा यजमान कोण?

वरोरा म्हटले की आज आनंदवन आठवते, नाहीतर कोळसा. त्याआधी कित्येक शतके हा मुलूख चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचा होता. इथल्या गोंड कुळांनी आपला इतिहास कागदावर उतरवला नाही, तो परधान या आपल्या वंशपरंपरागत गायकांच्या हाती सोपवला. कुळ कुठून आले, देव कोणता, सोयरीक कोणाशी चालते आणि कोणाशी नाही, हे सारे परधान किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गाऊन सांगत. आता चंद्रपूर-गडचिरोलीत किंगरी हाती धरणारे मोजकेच उरले आहेत. चित्रपट, ध्वनिक्षेपक आणि बँडबाजा यांनी ती मारली, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. नव्या वाद्यांपुढे जुने वाद्य हरले, असे इथे घडलेले नाही. ज्या यजमानावर ही कला उभी होती, तो आधी मोडला आणि किंगरी त्याच्यामागून गेली.

किंगरीची घडण साधी आहे. लाकूड कोरून केलेली पोकळी, तिच्यावर ताणलेले कातडे, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. अवघड असते ते तिच्यासोबतचे गाणे. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांमध्ये, म्हणजे कुळसमूहांमध्ये, वाटलेल्या गोंड समाजात एकेका कुळाशी परधानांचे एकेक घराणे बांधलेले असे. पेर्सा पेन या कुळदेवाची पूजा असो, लग्न असो की मृत्यूनंतरचे विधी, त्या कुळाची कथा त्याच घराण्याने गायची आणि कुळाने त्यांना धान्य, वस्त्र, कधी जनावर द्यायचे, अशी रीत होती. कचारगडच्या गुहेत कोंडलेली देवाची लेकरे सुटली ती हिरासुका पाटालीरच्या किंगरीमुळे, आणि सुटकेच्या वेळी तो स्वतः शिळेखाली चिरडला गेला, असे परंपरा सांगते. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर आजही जत्रा भरते. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबादमध्ये या समाजाचा अभ्यास केला. परधानाशिवाय पेनची पूजा पुरी होत नाही, हे त्यांनी नोंदवले. तिथले परधान घरी मराठी बोलतात आणि कथा गोंडीत गातात, हेही त्यांनीच लिहून ठेवले. घरात एक भाषा आणि गाण्यात दुसरी सांभाळणारी ही माणसे म्हणजे यजमानाच्या स्मृतीचे पिढीजात दफ्तर होती.

हा यजमान म्हणजे राजा, असे मानले तर इतिहासाचा मेळ बसत नाही. १७५१ मध्ये चांद्याच्या नीळकंठ शहाचे राज्य नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी घेतले. कला दरबारावर जगत असती, तर ती तेव्हाच संपली असती. प्रत्यक्षात राज्य बुडाल्यावर सुमारे शंभर वर्षांनी एका परधानाने नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची दीर्घ कथा सांगितली, आणि हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापून आली. म्हणजे खरा पोशिंदा गावातले कुळ होते. त्याला धक्का बसला तो नेमका याच सुमारास. इंग्रजांच्या जमाबंदीने १८६० च्या दशकात मालगुजारांना जमिनीची मालकी दिली. तोवर गावाचा माणूस कोण, हे सांगण्यात परधानाच्या वंशावळीला वजन होते. पुढे तो निवाडा पटवाऱ्याच्या कागदावरून होऊ लागला. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली, वर्ध्याहून रेल्वे आली आणि रोख मजुरीचे नवे जग उभे राहिले. खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण रोखीचा व्यवहार मागे फिरला नाही. ज्याच्या कोठारात धान्य उरले नाही आणि ज्याच्या जमिनीचा पुरावा आता वंशावळ राहिली नाही, तो गोंड परधानाला कशाच्या बळावर आणि कशासाठी बोलावणार?

हे अटळ होते का, हे तपासायला पश्चिम आफ्रिकेतल्या मालीकडे पाहावे लागते. तिथले जेली हेही वंशपरंपरागत गायक. तेराव्या शतकातल्या माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता याची आणि पुढच्या सरदार घराण्यांची कथा त्यांनी सांभाळली. मोठ्या भोपळ्याच्या कवचावर कातडे ताणून केलेला, एकवीस तारांचा कोरा हे त्यांतल्या अनेक घराण्यांचे वाद्य. फ्रेंच सत्तेने तिथलीही राज्ये मोडली. तरी जेलींना नवे यजमान मिळत गेले: शहरातली लग्ने, रेडिओ आणि १९६० च्या स्वातंत्र्यानंतर सरकारने उभा केलेला राष्ट्रीय वाद्यवृंद. त्या वातावरणात नावारूपाला आलेल्या सिदिकी दियाबाते यांचा मुलगा तुमानी याने १९८८ मध्ये ‘काइरा’ हा केवळ कोऱ्याचा ध्वनिसंग्रह काढला. पुढे त्याला ग्रॅमी मिळाले, आणि २०२४ मध्ये तो गेला तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. त्याची प्रतिभा निर्विवाद आहे. पण ती फुलायला सिदिकीच्या पिढीला मिळालेला आश्रय आधी लागला होता.

किंगरीलाही असा आश्रय मिळावा, यावर पहिला आक्षेप वाद्याचा. एकवीस तारांपुढे तीन तारांची किंगरी मैफलीत टिकेल कशी? पण कोराही फार काळ गाण्याची साथच करत होता. आपल्याकडची सारंगीदेखील गायकाच्या मागे बसत होती. रामनारायण यांनी तिला एकल वाद्याचा मान मिळवून दिला. दुसरा आक्षेप ध्वनिमुद्रणाचा. कथा एकदा मुद्रित केली की जपली, असे म्हणतात. लिंगोची कथा छापून दीडशेहून अधिक वर्षे झाली. पुस्तक टिकले, त्याने किंगरी टिकवली नाही. मुद्रण हवेच, पण ते एका रात्रीचे एक रूप धरते. समोर बसलेल्या कुळाप्रमाणे कथा वळवणारा गायक, आणि ती चुकली की टोकणारा श्रोता, मुद्रणातून घडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो न्यायाचा आहे. गोंडांनी परधानांना धाकटे मानले, त्यांच्या हातचे अन्न टाळले. दारोदार दान मागण्यात मानहानी होती. शिकून, नोकरी धरून परधानांच्या मुलांनी किंगरी खाली ठेवली, तर त्यात रडण्यासारखे काय आहे? त्यांचा निर्णय योग्यच होता, आणि ती जुनी बांधिलकी परत आणा असे कोणी म्हणू नये. पण आक्षेप मागण्याच्या रीतीवर आहे, विद्येवर नाही. शेकडो ओळींची कथा मुखोद्गत ठेवणे हे कुशल काम आहे, आणि कुशल कामाला दान नव्हे, मोबदला द्यायचा असतो. विद्या जन्माला बांधलेली असण्याचीही गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या हाती राहिलेला कोरा सोना जोबार्ते या जेली घराण्यातल्या स्त्रीने हाती घेतला आणि गाम्बियात शाळाही काढली.

मग किंगरीचा नवा यजमान कोण? त्याचे उत्तर गडचिरोलीच्या जंगलातच तयार होत आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांच्या हाती बांबू आणि तेंदूचे उत्पन्न आले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ज्या सभेला जंगलावरचा आपला जुना हक्क सिद्ध करायचा असतो, तिला वंशावळीची, गावदेवाची आणि सीमेची कथा पुन्हा कामाची वाटू लागते. वनहक्क कायद्याखालचे नियम वडीलधाऱ्यांची, लिहून घेतलेली साक्षही पुरावा म्हणून स्वीकारतात. जमाबंदीने परधानाकडून जे वजन काढून घेतले, ते या कायद्याने काही अंशी परत दिले आहे. तेंदूच्या उत्पन्नातून एका जाणत्या परधानाला शिक्षकाचे मानधन देणे आणि कोणत्याही घरातल्या मुलामुलींना त्याच्याकडे बसवणे ग्रामसभांना जमण्यासारखे आहे. गोंडवाना विद्यापीठाने अशा शिक्षकाला पदवीची अट न घालता अध्यापक मानावे. कुळाने एकेकाळी जे केले, ते सभेने केले तर ही विद्या मानाने जगेल. ते झाले नाही, तर सांस्कृतिक महोत्सवात वर्षातून एकदा किंगरी वाजवून ती वाचणार नाही.