कोळी नव्हे तो : हार्वेस्टमनच्या कुळांचा मागोवा

पाऊस स्थिरावला की खेड तालुक्यातल्या रसाळगडाच्या वाटेवर, चोरवण्याच्या रानात किंवा जगबुडीकाठच्या एखाद्या जुन्या गडग्याच्या फटीत एक प्राणी दिसू लागतो. शरीर वाटाण्याहून लहान आणि त्याला बोटभर लांबीचे, अतिशय बारीक आठ पाय. ओलसर सावलीत ही मंडळी दिवसा एकमेकांत पाय गुंतवून घोळक्याने बसतात आणि काठी लागली की सगळा घोळका एकदम थरथरू लागतो. घरात त्याला सरसकट कोळीच म्हणतात. पण याला जाळे विणता येत नाही, याच्याजवळ विष नाही, कोळ्याची बारीक कंबर नाही; डोके आणि पोट एकसंध, आणि डोळे दोनच, तेही पाठीवरच्या उंचवट्यावर. इंग्रजीत त्याला हार्वेस्टमन म्हणतात, शास्त्रात त्याच्या गणाचे नाव ओपिलिओनेस. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत मिळून त्याच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती आज नोंदलेल्या आहेत. हा प्राणी कोणाच्या घरातला, हे ठरवायला साडेतीनशे वर्षे गेली आणि वाद अजून मिटलेला नाही. दर पिढीतल्या पाहणाऱ्याने त्याच्या अंगावरची वेगळी जागा निवडली. जागा बदलली की कुळे बदलली आणि कुळांबरोबर जगाचा नकाशाही.

आपण सुरुवात १६६५पासून करू. इकडे पुरंदरच्या तहाचे ते वर्ष. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हुकचे ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पिसवा आणि माश्यांबरोबर त्यात या लांब पायांच्या प्राण्याचेही प्रकरण आहे. हुक अडला तो डोळ्यांपाशी. पाठीवरच्या खुंटावर पाठीला पाठ लावून बसवलेले दोन डोळे त्याने बारकाईने चितारले आणि या प्राण्याची सोयरीक खेकड्यांशी असावी, असा अंदाज बांधला. अंदाज चुकला, तरी हा नेहमीचा कोळी नव्हे एवढे त्याने हेरले होते. पुढे १६७८ मध्ये मार्टिन लिस्टर या वैद्याने इंग्लंडातल्या कोळ्यांवर ग्रंथ लिहिला आणि आठ डोळ्यांचे व दोन डोळ्यांचे अशी सरळ वाटणी केली. दोन डोळ्यांच्या रकान्यात आले ते हार्वेस्टमन. लिस्टरचे श्रेय पुढे बरेचसे झाकोळले, पण पहिली खरी विभागणी त्याचीच, असे माझे मत आहे.

मग येते १७५८. मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या त्या वर्षी स्वीडनमध्ये कार्ल लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली आणि तिच्यात या प्राण्याला फॅलॅन्जियम ओपिलिओ हे नाव मिळाले. ओपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. नाव आजही टिकले आहे. गोत मात्र लिनियसने भलतेच जमवले होते. त्याच्या फॅलॅन्जियममध्ये शेपटीवाला चाबूक-विंचूही होता, आणि हा सगळा गोतावळा बिनपंखी कीटकांत मोडत होता. याच जातीच्या शिंगासारखा उंचवटा असलेल्या नराला तर त्याने नंतर वेगळी जात समजून दुसरे नाव दिले. बाह्यरूपावर विसंबले की नर-मादीची जोडीसुद्धा दोन घराण्यांत विभागली जाते, याचा हा जुना दाखला. अष्टपादांना कीटकांपासून वेगळे काढण्याचे काम १८०१च्या सुमारास लामार्कने केले आणि १८३३ मध्ये स्वीडनच्याच कार्ल याकोब सुंडेव्हालने या प्राण्यांचा स्वतंत्र गण मानून त्याला ओपिलिओनेस म्हटले.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा या कथेतला सर्वांत गजबजलेला काळ. १८६८ मध्ये गुस्ताव जोसेफने आजच्या स्लोव्हेनियातल्या एका गुहेतून काही मिलिमीटरचा, आखूड पायांचा, गोचिडीसारखा दिसणारा प्राणी मिळवला. त्याला तो इतका अनोळखी वाटला की त्याच्यासाठी त्याने नवे कुळच उभारले. पुढे हा प्राणी ओपिलिओनेसमध्येच सामावला आणि त्याच्या नावावरून सायफॉफ्थाल्मी हा उपगण झाला. पुढच्याच वर्षी भारतात भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या फर्डिनांड स्टोलिच्काने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अष्टपादांवर निबंध लिहिला आणि गागरेला ही प्रजाती स्थापली. खडक आणि जीवाश्म वाचणाऱ्या माणसाने फावल्या वेळात केलेले हे काम. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या उंच मुलखात १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. सह्याद्रीत घोळक्याने राहणारे लांब पायांचे हार्वेस्टमन बहुतांशी त्याच्या गागरेलाच्याच गोतातले. १८७६ मध्ये तामेर्लान थोरेलने लॅनिअ‍ॅटोरेस म्हणजे जाडजूड पकडपायांचे आणि पॅल्पॅटोरेस म्हणजे नाजूक स्पर्शपायांचे अशी फोड केली. १९०४ मध्ये हान्सेन आणि सोरेन्सेन या डॅनिश जोडीने पॅल्पॅटोरेसचेही दोन भाग पाडले : युप्नॉय आणि डिस्प्नॉय. हुकच्या डोळ्यांपासून निघालेले वर्गीकरण आता अंगाच्या जोडणीपर्यंत आणि अवयवांच्या बारीक रचनेपर्यंत आले होते. आज मानले जाणारे चारही हयात उपगण असे तयार झाले.

भारताच्या वाट्याला मात्र एक पोकळी आली. १९०० मध्ये आर. आय. पोकॉकने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत अष्टपादांचा खंड लिहिला. त्यात विंचू आले, कोळी आले, चाबूक-विंचू आले. हार्वेस्टमन आले नाहीत. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याच्या केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तवडे यांचा १९८३चा ग्रंथही विंचवांचाच, आणि कोकणात लाल विंचू किती माणसे घेऊन जायचा हे पाहता ते योग्यच होते. निरुपद्रवी प्राण्याला वाट पाहावी लागते.

ती पोकळी एका माणसाने भरली, आणि चुकीच्या पद्धतीने भरली. ब्रेमेनच्या कार्ल फ्रीडरिख रोएवरने १९२३ मध्ये जगातल्या हार्वेस्टमनवर अकराशेहून अधिक पानांचा जर्मन ग्रंथ काढला. १९२९ मध्ये दक्षिण भारतातल्या संग्रहावर त्याचा निबंध आला. आशियातल्या शेकडो जातींना नावे त्याचीच आहेत. पण त्याची रीत मोजणीची होती : पायाच्या टोकाला किती तुकडे, डोळ्यांच्या उंचवट्यावर काटे किती, मांडीवर खोटे सांधे किती. गागरेलाच्या गोतात तर मांडीवरच्या खोट्या सांध्यांच्या संख्येवर प्रजातीच पाडल्या. एकाच जातीच्या प्राण्यांत ही संख्या कमी-जास्त होते, हे पुढे ध्यानात आले आणि त्याची कितीतरी नावे मोडीत निघाली. वहीतले हिशेब जुळावेत म्हणून माणसे हलवणाऱ्या कारकुनासारखे ते काम होते, पण ती वही नसती तर पुढच्यांना खोडायलाही काही नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योखेन मार्टेन्ससारख्या अभ्यासकांनी नराचे लिंग हा कसोटीचा अवयव मानला. कोळ्यांना लिंग नसते, हार्वेस्टमनला असते आणि ते जातीजातीत वेगळे असते. मार्टेन्सने नेपाळात जाऊन हिमालयातल्या जातींवर दीर्घ काम केले.

इथे आपण पृथ्वीच्या नकाशाकडे वळू, कारण आता अवयवांबरोबर डीएनएही साक्षीला आला होता. हार्वेस्टमन उडत नाही, कोळ्याच्या पिलासारखा धाग्यावर तरंगत नाही, त्यामुळे जमीन सरकली तर तो जमिनीबरोबर जातो. पेटॅलिडी हे सायफॉफ्थाल्मींतले एक कुळ. रेव्हरंड ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज या इंग्लिश पाद्र्याने १८७५ मध्ये श्रीलंकेतून त्यातली एक जात वर्णिली. पुढे हेच कुळ चिली, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथेही निघाले, म्हणजे गोंडवन या जुन्या महाखंडाच्या तुकड्यांवर. २००७ मध्ये सारा बॉयर आणि गोन्झालो जिरिबेट यांनी त्यांच्या नातेसंबंधांतून खंडांच्या फुटीचा क्रम तपासला. भारतीय द्वीपकल्पात मात्र या कुळाची नोंद नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला आणि खेडचे डोंगर त्याच बेसॉल्टचे आहेत. तेव्हा इथले पेटॅलिडी होरपळले, असे म्हणणे मोहक आहे. पण केरळ आणि निलगिरीचे डोंगर लाव्हाखाली गेले नव्हते आणि पेटॅलिडी तिथेही सापडलेले नाहीत. एकट्या लाव्हाने हे कोडे सुटत नाही.

खेडच्या दगडांखाली जे आहे ते वेगळेच सांगते. गागरेलाचे गोत आग्नेय आशियाकडे विस्तारलेले, तर आखूड पायांचे, दगडाखाली दडणारे अ‍ॅसॅमिइडी कुळ आफ्रिकेपासून दक्षिण आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियापर्यंत. म्हणजे एकाच गडग्यात वेगवेगळ्या दिशांची दोन घराणी नांदतात. मुख्यतः उत्तर गोलार्धातले डिस्प्नॉय इकडे नाहीत. जगभरात सर्वाधिक गर्दी लॅनिअ‍ॅटोरेसची, आणि त्यांचे माहेर म्हणावे असे ठिकाण ब्राझीलचे अटलांटिक अरण्य. सर्वांत जुना पुरावा मात्र स्कॉटलंडचा : र्‍हायनी इथल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला इओफॅलॅन्जियम शीअरी. त्याच्या श्वासनलिका आणि नराचे लिंगही दगडात टिकले आहे.

एवढे असूनही नावांचा पाया काचेच्या बरण्यांवर उभा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि तिथला अष्टपादांचा संग्रह जळाला. त्यात हार्वेस्टमनच्या जाती ठरवणारे मूळ नमुनेही होते. रोएवरचा संग्रह फ्रांकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात सुरक्षित आहे. म्हणून रसाळगडाच्या वाटेवरच्या एखाद्या हार्वेस्टमनचे नाव आज कोणाला नक्की करायचे असेल, तर आधी नर गाठावा लागतो, तो अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो, एक पाय डीएनएसाठी बाजूला काढावा लागतो, लिंग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढावे लागते आणि मग मूळ नमुना फ्रांकफुर्टला असेल तर तिथे, कोलकात्याला असेल तर तिकडे, पत्र धाडावे लागते.