सावरीचा काटा आणि तारुण्यपिटिका

मुरुमांवर लावायला सावरीचे काटे मागणारं गिऱ्हाईक आता क्वचित येतं. हळद, मुलतानी माती आणि चंदनाची पूड मात्र रोज खपते. काष्ठौषधींच्या धंद्यात मी आले ती लग्नानंतर, सासऱ्यांच्या हाताखाली. त्यांनी तारुण्यपिटिकांचं प्रकरण मला शिकवायला घेतलं ते याच काट्यापासून.

काटेसावरीच्या कोवळ्या झाडाचं खोड एकदा जवळून पाहावं. बुडाशी रुंद, वर निमुळते होत गेलेले, बोटाला टणक लागणारे शंकूसारखे काटे त्यावर दाटीने उठलेले असतात. झाड जून होत गेलं की खालचे काटे झिजतात आणि बुंधा बराचसा गुळगुळीत होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेरावा अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. त्यात ४४ रोग सांगितले आहेत आणि त्यांतला एक तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्यांचा, मुखदूषिकेचा. कफ, वात आणि रक्त ही तिची कारणं, आणि रूप सावरीच्या काट्यांसारखं. ज्याने हे लिहिलं त्याने रोगी आणि झाड दोन्ही नीट निरखलेली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वय सरलं की काटे जातात हेही त्याच्या लक्षात आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं. ग्रंथात तसं म्हटलेलं नाही.

सुश्रुताचे लेप आमच्या दुकानात आजही एका फळीवर बसतील असे आहेत. एक वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा, दुसरा धणे, वेखंड, लोध्र आणि कोष्ठाचा. सावरीचे काटेच दुधात वाटून तोंडाला लावायचे, हा उपाय नंतरच्या संग्रहग्रंथांत येतो. तीन दिवसांत मुख कमळासारखं होईल, असं आश्वासनही तिथे दिलेलं आहे. पण सुश्रुताने लेपाच्या आधी वमन सांगितलं आहे, म्हणजे ओकारी काढून कफ बाहेर घालवणं. ते वैद्याच्या देखरेखीचं काम. घरात लेप आला आणि वमन वैद्याकडेच राहिलं. आज ज्याला आपण घरगुती उपाय म्हणतो, तो मूळच्या चिकित्सेचा असा अर्धाच भाग आहे.

हा अर्धा भाग मराठी घरांत पोचला कसा? आईकडून मुलीकडे आला, हे खरंच आहे. पण त्यात ग्रंथांचाही हात मोठा आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. तेच अष्टांगहृदय डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादून १८८० साली मुंबईत छापून काढलं, आणि पोथीतली विद्या बाजारात विकत मिळू लागली. तरी ती संस्कृतात होती. ती मराठी वाचणाऱ्यांच्या हाती देण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचं नाव मी आदराने घेते. त्यांचा ‘आर्यभिषक्’ कितीतरी घरांत पंचांगाशेजारी ठेवलेला असे. दुकानात चिठ्ठी घेऊन येणाऱ्या जुन्या बायका वनस्पतींची नावं इतकी अचूक सांगत, त्यामागे हे छापील पुस्तकही होतं.

दर्यावरून आलेला हिस्साही लहान नाही. मुरुमावर दुधात उगाळलेलं जायफळ लावायचं, हे कोकणातल्या कुठल्याही घरात सांगतील. त्या जायफळाचं मूळ घर इंडोनेशियातली बांदा बेटं. शतकानुशतकं सगळ्या जगाला ते तिथूनच जायचं, आणि त्याच्या व्यापारासाठी डचांनी सतराव्या शतकात त्या बेटांवर कत्तल केली. आज कोकणात आणि गोव्यात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं उभी आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे वाणही काढले आहेत. एवढी लांबची वस्तू आपल्या सहाणेवर इतकी आपली होऊन बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सहाणेवर लेप कसा करायचा, हे सासरे करून दाखवत. दुधाचे दोनतीन थेंब टाकायचे, काटा किंवा जायफळ उभं धरायचं आणि हलक्या हाताने गोल फिरवायचं. दूध फिकट तपकिरी झालं, बोटाला किंचित दाटसर लागलं, की पुरे. करंगळीच्या टोकावर मावेल एवढाच लेप निघतो आणि तेवढाच लागतो. तो फक्त पुटकुळीवर टेकवायचा, सगळ्या तोंडाला फासायचा नाही. त्यांचं वजनमाप अखेरपर्यंत जुनंच राहिलं. दशमान वजनं सक्तीची होऊन वर्षं लोटली तरी तोंडी हिशेब आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असाच चाले.

सुश्रुताने सूत्रस्थानात लेपाचे नियम घालून दिले आहेत. रात्री लेप लावू नये. शिळा वापरू नये. एका लेपावर दुसरा चढवू नये. वाळला की ठेवू नये, कारण वाळलेला लेप कातडीला त्रास देतो. पू बाहेर काढायचा असेल तेवढाच अपवाद. जिन्नस टिकले आणि हे नियम गळून पडले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता मुली रात्री लेप थापून झोपतात, लिंबू पिळतात, खाण्याचा सोडा चोळतात, टूथपेस्ट लावतात आणि सकाळी चेहरा भाजल्यासारखा लाल झाला की विचारायला येतात. टूथपेस्ट कुठल्याही आजीच्या बटव्यात नव्हती.

हळदीची गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विको कंपनीने सत्तरच्या दशकात हळद आणि चंदनतेलाचं क्रीम ट्यूबमध्ये भरलं आणि मुरुमांचं नाव घेऊन त्याची जाहिरात केली. हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी जो वाद पेटला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मग १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुराव्याला लावला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. घरोघरी माहीत असलेली गोष्टसुद्धा कागदावर असावी लागते, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं.

गिऱ्हाइकांना मी मात्र स्वयंपाकातली हळद तोंडाला लावायला सांगत नाही. तिचा पिवळा डाग दोन दिवस जात नाही. लेपाला आंबेहळद बरी, आणि तीही पूड न घेता गाठ घ्यावी, म्हणजे भेसळीचा प्रश्न येत नाही. लोध्राचंही तेच. साल अखंड असेल तर ओळखता येते, कुटलेल्या पुडीत कुठल्या झाडाची साल आहे हे कोण सांगणार? म्हणून सासऱ्यांनी कुटलेलं लोध्र कधी विकलं नाही. मीही विकत नाही.

कोणी आलं की आधी मी चेहरा बघते. चार लहान पुटकुळ्या असतील तर लोध्राचा तुकडा, धणे आणि वेखंड देते. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आग झाली तर लगेच धुऊन टाका, हे दोनदा बजावते. गालावर दुखऱ्या, खोल गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर पुडी बांधतच नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगते. एकदा पडलेला व्रण माझ्या दुकानातल्या कुठल्याच मुळीने भरून येत नाही.