बलुत्याच्या यादींत नसलेला कारागीर

मनुष्यसमाजाला कोणता धंदा खरोखर आवश्यक, हा प्रश्न पंडितांनीं पुष्कळ घोळला आहे. महाराष्ट्रांतील खेड्यांनीं मात्र त्याचा निवाडा खळ्यावर, धान्याच्या मापानें केला होता. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत. गांवोगांव याद्या बदलत. पण सुतार, लोहार, महार हे बहुधा थोरल्या ओळींत, आणि जोशी, गुरव, मुलाणा हे धाकट्या ओळींत. ज्याची सावली गांवाला चालत नसे त्याचें माप पहिलें, आणि ज्याच्या पायां पडावयाचें त्याचें शेवटलें! मानाची उतरंड एक आणि गरजेची दुसरी, हें खेड्याला पक्कें ठाऊक होतें. तें बोलून दाखविण्याचें धैर्य तेवढें त्याला झालें नाहीं.

परंतु ही यादी देशावरची. वैनगंगेच्या खोऱ्यांत, जुन्या भंडारा जिल्ह्यांत व त्यांतून १९९९ सालीं वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत, आणखी एक नांव जोडल्यावांचून ती पुरी होत नाहीं. हा भाताचा मुलूख. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत पडून जाणारा; भात निसवण्याच्या वेळीं त्यानें पंधरा दिवस ओढ दिली कीं लोंब्या पोचट राहतात. येथें नांगर धरणाऱ्याच्या आधीं पाणी अडविणारा लागतो. तो म्हणजे कोहळी.

कोहळ्यांना गोंड राजानें काशीकडून आणिलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांचें कसब निर्विवाद आहे. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरावयाची, तेथें मातीची पाळ घालावयाची, जास्तीचें पाणी निघून जावें म्हणून एका अंगाला सांडवा ठेवावयाचा, आणि पाळीच्या पोटांतून बेताबेतानें शेतांकडे पाणी सोडावयाचें. यंत्र नाहीं, नकाशा नाहीं. उतार नुसत्या डोळ्यानें वाचावयाचा. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें बांधलेला नवेगांवचा बांध सुमारें ११ चौरस किलोमीटर पाणी धरून आहे. चांद्याच्या गोंड राजांविषयीं असें सांगतात कीं, जो तलाव बांधी त्याला, त्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन ते देत. निवाडा येथेंहि मापानेंच. फक्त माप पाण्याचें.

विणकराची गोष्ट निराळी. वस्त्राची गरज कधीं संपली नाहीं. पण गिरणीचें कापड आलें आणि कोष्ट्यांचे व जाडेंभरडें कापड विणणाऱ्या महारांचे माग थंडावले. गरज टिकली म्हणून धंदा टिकतोच असें नाहीं. उलट विडी पाहा. तिच्यावांचून कोणाचें अडत नाहीं. तरीहि विसाव्या शतकांत तेंदूच्या पानांनीं या भागांतील हजारों घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या. त्या घरांना हा धंदा अनावश्यक होता असें कोण म्हणेल?

पाण्याचें मात्र असें दुमत नाहीं. १८९१ च्या खानेसुमारींत भंडारा जिल्ह्याची वस्ती ७,४२,८५० होती. दुष्काळांच्या त्या दशकानंतर, १९०१ मध्यें, ती ६,६३,०६२ भरली. पाऊस चुकला म्हणजे काय होतें, हें त्या दोन आंकड्यांत आहे.

१९५१ मध्यें मालगुजारी गेली. ती जाणें न्यायाचेंच होतें. कुळांच्या श्रमावर बसून खाणाऱ्यांसाठीं हळहळण्याचें कारण नाहीं. पण तिच्याबरोबर पूर्व विदर्भांतील साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढणें, पाळ चोपणें हीं कामें गांवाच्या हातून सुटलीं. माजी मालगुजारी, म्हणून लोक त्यांना आतां 'मामा तलाव' म्हणतात. नांव जिव्हाळ्याचें आहे, निगा तशी नाहीं. नवेगांवीं कोलू पाटील कोलासुर या नांवानें देव झाला आहे. भोंवतालच्या एका टेकडीवर त्याचें ठाणें आहे. इतरत्र, ज्यांच्या कर्त्यांचीं नांवेंहि कोणाला ठाऊक नाहींत असे कित्येक तलाव गाळानें उथळ होत चालले आहेत, आणि त्यांच्या खालचीं बांध्यांतलीं रोपें पुन्हा आभाळाकडे पाहूं लागलीं आहेत.