हौस आणि उपजीविका : भारतीय क्रीडाजगतातील रोजगाराची वाटचाल

मुलाचा बराचसा वेळ मैदानावर जाऊ लागला, की मराठी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘खेळून पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न नवा नाही आणि अनाठायीही नाही. खेळ हा स्वतंत्र व्यवसाय मानला जावा, अशी परिस्थिती या देशात फार उशिरा आली. तोवर खेळाडू, आणि खेळाडूंहून कितीतरी अधिक संख्येने असलेले क्रीडावेडे रसिक, यांनी आपापली भाकरी कोठे आणि कशी शोधली, याचा इतिहास मनोरंजक आहेच. पण आजच्या पालकांना तो उपयुक्तही वाटावा असा आहे.

या इतिहासाच्या पहिल्या पानावर पालवणकर बाळूंचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यातील पारशी क्रिकेटपटूंच्या मंडळात हा चर्मकार समाजातील मुलगा खेळपट्टी झाडण्याच्या आणि लोटण्याच्या कामावर लागला. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपीय साहेबांच्या पूना क्लबात त्याला ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी राखायची, सरावाची जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असे कामाचे स्वरूप होते. जे. जी. ग्रेग हे तेव्हाचे नामांकित इंग्रज फलंदाज. त्यांना चेंडू टाकता टाकता बाळूंची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र कोणी त्यांच्या हाती दिली नाही. हिंदू संघात त्यांना जागा मिळाली ती गुणांमुळे. तरी चहाच्या वेळी ते पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा घेत. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघाकडून त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंच्या संसाराला स्थैर्य आले ते मुंबईत रेल्वेत नोकरी लागल्यावर. ज्या खेळाने त्यांना कीर्ती दिली, त्याने थेट पगार दिला तो केवळ खेळपट्टीवरच्या सेवकाला.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसाला या इतिहासाचा पुढचा अध्याय विशेष जवळचा वाटेल, कारण तो इंदूर आणि बडोदा येथे लिहिला गेला. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरला आले आणि संस्थानच्या फौजेत अधिकारी झाले. ‘कर्नल’ ही त्यांच्या नावामागची पदवी त्या सेवेतून आलेली आहे. पुढे यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या होळकर संघाने रणजी स्पर्धेतील अवघ्या चौदा वर्षांच्या कारकिर्दीत ४ वेळा अजिंक्यपद आणि ६ वेळा उपविजेतेपद मिळवले. नायडू, मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड असे खेळाडू त्या संघात होते. तिकडे बडोद्याने विजय हजारे यांना आश्रय दिला. १९४७ साली रणजीच्या अंतिम सामन्यात बडोदा आणि होळकर हे दोन मराठी संस्थानांचे संघ समोरासमोर आले, आणि हजारे व गुल महंमद यांनी ५७७ धावांची ऐतिहासिक भागीदारी रचली.

या वैभवाची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. दरबारच्या पगारपत्रकात ‘क्रिकेटपटू’ असे पद नव्हते. नायडू तेथे फौजेतले अधिकारी होते. सरवटे तर बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणूनही ओळखले जात. राजाची मर्जी आणि संस्थानचा खजिना शाबूत होता तोवर हा आश्रय टिकला. संस्थाने विलीन झाली. १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून नाहीसे झाले.

याच संस्थानी वातावरणातून अधिक टिकाऊ असा एक व्यवसाय जन्माला आला. त्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. तो म्हणजे व्यायामशिक्षकाचा. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्या आखाड्याने शिक्षणाची शिस्तबद्ध पद्धत घडवली. हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे मोठे काम १९२३ च्या सुमारास बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने केले. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातूनच व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शिक्षक तयार केले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे ठेवली. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, तर १९६१ साली पतियाळा येथे प्रशिक्षक घडवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. यांतून देशभरातील शाळांना ‘पी.टी.चे सर’ मिळाले. शिट्टी, पांढरे बूट आणि फक्कीने आखलेली रेघ यांवर संसार चालवणारा हा शिक्षक म्हणजे खेळाच्या प्रेमाला नियमित पगार आणि निवृत्तिवेतन मिळवून देणारी पहिली सार्वत्रिक वाट होती. ती राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती; शिकून, परीक्षा देऊन तिच्यावर पाऊल टाकता येत होते.

संस्थाने गेल्यावर खेळाडूंना आसरा दिला तो रेल्वे, पोलीस, सैन्यदले, बँका आणि मोठ्या कंपन्या यांनी. रेल्वेचे क्रीडा नियंत्रण मंडळ १९२८ पासूनच अस्तित्वात होते. महिला क्रिकेटपटूंना तर दीर्घकाळ हाच मुख्य आधार होता. डायना एडलजींपासून मिताली राजपर्यंत अनेकींनी रेल्वेच्या नोकरीवर आपली कारकीर्द उभी केली. महिला क्रिकेटचा कारभार क्रिकेट नियामक मंडळाकडे आला तो २००६ साली.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसतात. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकवर्गणी काढावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एवढ्या मोठ्या विजेत्याला पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ साली. उतारवयात निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. पुढे ७२ वर्षांनी, २०२४ साली, कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महेंद्रसिंग धोनीनेही खरगपूरला हेच काम केले होते. पदक मिळवणारा हात आणि पगार मिळवणारा हात भारतात बहुधा वेगळा राहिला.

आतापर्यंत उल्लेख झाला तो मुख्यतः खेळणाऱ्यांचा. पण न खेळणाऱ्या रसिकांचे काय? मुंबईच्या चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांना लोटणाऱ्या गर्दीत असे असंख्य लोक होते, ज्यांना क्रिकेटवाचून चैन पडत नसे. त्यांतील काहींनी आपल्या वेडाला कामाचे रूप दिले. ए. एफ. एस. तल्यारखान यांनी १९३४ साली चौरंगी सामन्यांचे धावते समालोचन मुंबई नभोवाणीवरून केले. दिवसभर ते एकटेच बोलत. १९४८-४९ मध्ये आकाशवाणीने तीन समालोचकांची पद्धत आणली, तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला. आनंदजी डोसा यांनी धावफलकांच्या नोंदी आणि कात्रणे आयुष्यभर जपली. आकडेवारीचे शास्त्र या देशात रुजले ते अशाच हौशी माणसांच्या चिकाटीवर. बाळ ज. पंडित यांनी मराठी श्रोत्यांना क्रिकेट मातृभाषेत ऐकवले. इंदूरच्या सुशील दोशी यांनी हिंदी समालोचनाला स्वतःची शब्दकळा दिली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी क्रीडापत्रकारितेला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि क्रिकेटबरोबर कबड्डी-खोखोलाही वृत्तपत्रात मानाचे स्थान दिले.

या सर्वांमध्ये एक समान सूत्र आहे. त्यांच्यापाशी खेळाचे प्रेम होते तसेच भाषा, नोंदींची शिस्त, स्मरणशक्ती अशी दुसरी एखादी कमावलेली विद्याही होती. खेळावर जीव टाकणारे हजारो होते. खेळाला ज्याची गरज होती ते देऊ शकणारे थोडे. टाळ्या वाजवणाऱ्याला कोणी पगार देत नाही. गुणलेखकाच्या टेबलाशी बसणाऱ्याला तर आपल्या संघाच्या विजयाचा क्षणही कोरड्या डोळ्यांनी नोंदवावा लागतो.

या कामांची संख्या दीर्घकाळ तुटपुंजी राहिली. १९८३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत १४ खेळाडू आणि हैदराबादचे पी. आर. मानसिंग हे व्यवस्थापक होते. प्रशिक्षक नव्हता, भौतिकोपचार तज्ज्ञही नव्हता. चित्र पालटले ते दूरचित्रवाणीमुळे. १९९३ साली क्रिकेट मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क खासगी कंपनीला विकले. त्यातून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तीवर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. वाहिन्या आल्या, जाहिराती आल्या. २००८ मध्ये आयपीएल, २०१४ मध्ये प्रो कबड्डी, २०२२ मध्ये अल्टिमेट खोखो आणि २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले.

या पैशाने कामांची नवी दालने उघडली. चित्रफितींचे विश्लेषक, आकडेवारीचे जाणकार, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, खेळपट्टीचे शास्त्र जाणणारे, स्पर्धांचे आयोजक, करारांचे कायदेतज्ज्ञ, प्रादेशिक भाषांतील समालोचक अशी यादी वाढतच आहे. कर्नाटकातील कुमठ्याचे राघवेंद्र यांचे उदाहरण बोलके आहे. फलंदाजांना सरावासाठी वेगवान चेंडू फेकून देणे हे त्यांचे काम. त्या कामाच्या बळावर ते दशकाहून अधिक काळ भारतीय संघाबरोबर जगभर प्रवास करत आले आहेत. पुण्यात बाळूंना ज्या कामाचे महिना ४ रुपये मिळत, त्याच जातीचे हे काम; आज त्याला नाव, पद आणि मान आहे.

तरीही पालकांची चिंता सर्वस्वी दूर झाली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लीगचा हंगाम काही आठवड्यांचा असतो, करार वर्षापुरते असतात, आणि आरंभीची कित्येक कामे नाममात्र मानधनावर करावी लागतात. क्रिकेटबाहेरच्या खेळांत पैसा अजून विरळ आहे. दरबाराची जागा बाजाराने घेतली. बाजाराची मर्जीही राजाच्या मर्जीसारखीच फिरते. म्हणून शतकभराच्या अनुभवाचे सार पालकांनी ध्यानी घ्यावे ते असे : ‘खेळून पोट भरेल का?’ हे विचारताना ‘खेळाला उपयोगी पडेल असे तू काय शिकलास?’ हेही विचारावे. गणित आवडणाऱ्याने आकडेवारीकडे, भाषा आवडणाऱ्याने लेखन-समालोचनाकडे, शरीरशास्त्र आवडणाऱ्याने उपचाराकडे वळावे. ही विद्या हाती असेल, तर एखादी लीग बंद पडली तरी माणूस रस्त्यावर येत नाही.

त्याची सुरुवात शाळेतच होऊ शकते. स्नेहसंमेलनाआधीच्या आंतरवर्गीय सामन्यांत संघात निवड न झालेली मुले असतातच. त्यांतल्या एकाच्या हाती गुणांची वही द्यावी, दुसऱ्याकडे मैदान आखण्याचे काम सोपवावे, तिसऱ्याला भित्तिपत्रकासाठी सामन्याचा वृत्तान्त लिहायला सांगावा. मराठी शाळेतल्या मुलाने तो वृत्तान्त मराठीत लिहिला, तर पंडित आणि करमरकर यांनी घालून दिलेल्या वाटेवर त्याचे पहिले पाऊल पडलेले असेल.