मोटारसायकलची निलंबन योजना

मोटारसायकलची चाके सांगाड्याला जोडणाऱ्या व रस्त्यावरील धक्के शोषून घेणाऱ्या स्प्रिंगा, अवमंदक आणि तरफा यांच्या समुच्चयास निलंबन योजना म्हणतात. कारागिरांमध्ये तिच्या मुख्य भागास ‘शॉकॲब्सॉर्बर’ हे नाव रूढ आहे. स्वारास आराम देणे हे तिचे एक कार्य होय. परंतु टायर जमिनीला सतत टेकलेला ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे कार्य आहे, कारण टायर जमिनीपासून सुटताच ब्रेक व सुकाणू दोन्ही निष्प्रभ होतात.

इतिहास : आरंभीच्या बहुतेक मोटारसायकलींच्या मागील चाकास स्प्रिंग नसे, आसनाखालील स्प्रिंगांवरच भागविले जाई. तेलाने अवमंदन होणारा, नळीत नळी सरकणारा पुढील फोर्क बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९३५ मध्ये नियमित उत्पादनात आणला. रॉयल एन्फील्डच्या १९४९ च्या बुलेटमध्ये मागील चाक झुलत्या भुजेवर बसविलेले होते. याच गाडीची जुळणी १९५५ पासून मद्रास (चेन्नई) येथे होऊ लागली. पुढील मोठी सुधारणा मोटोक्रॉस शर्यतींतून झाली. बेल्जियन अभियंते टिल्केन्स यांनी दोन बाजूंच्या दोन शॉकॲब्सॉर्बरांऐवजी आसनाखाली एकच लांब शॉकॲब्सॉर्बर योजिला व तो वापरून यामाहाने १९७३ साली २५० घ. सेंमी. गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. चाकाची चाल, म्हणजे त्याला वरखाली हलण्यास मिळणारे अंतर, त्यानंतर झपाट्याने वाढले.

महाराष्ट्रात मुलुंड येथे गॅब्रिएल इंडियाने १९६१ पासून शॉकॲब्सॉर्बरांचा उद्योग उभारला. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे १९८५ मध्ये स्थापन झालेली एन्ड्युरन्स ही कंपनीही दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर बनविते. साहसी प्रवासासाठीच्या मध्यम आकाराच्या गाड्यांपैकी २०१६ च्या रॉयल एन्फील्ड हिमालयनच्या पुढील चाकाची चाल २०० मिमी. व मागील चाकाची १८० मिमी. होती, चाकण येथे बनणाऱ्या २०२० च्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरमध्ये ती अनुक्रमे १७० व १७७ मिमी. होती.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती : बालाघाटच्या रांगा व त्यांच्या पायथ्याची काळी जमीन यांमुळे येथील आडरस्ते निलंबनाची कठोर परीक्षा घेतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्त्याचा पाया खचतो, पृष्ठभाग लाटांसारखा होतो व खड्डे पडतात. तुळजापूर व येडशीवरून जाणाऱ्या महामार्गावर सुखाने चालणारी गाडी गावाच्या कच्च्या वाटेवर, मागे माणूस व सामान असता, तळापर्यंत आदळते.

सुधारणेची तत्त्वे : स्प्रिंग अधिक ताठ केली की गाडी खडतर रस्त्यास योग्य होते, हा समज चुकीचा आहे. ताठ चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडते. स्प्रिंगेवरील पूर्वदाब वाढविल्याने तिचा ताठपणा वाढत नाही. केवळ गाडी उंचावते. म्हणून प्रथम स्वार व नेहमीचे सामान यांसह गाडी किती खाली बसते हे मोजतात. हे अंतर एकूण चालीच्या सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश असावे. पूर्वदाब बदलूनही ते साधत नसेल, तर वजनास अनुरूप स्प्रिंग बसवितात. त्यानंतर अवमंदन जुळवितात : ते कमी पडल्यास गाडी एका धक्क्यानंतर अनेकदा डोलते, परतीचे अवमंदन जास्त झाल्यास लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण परत येत नाही व चाल हळूहळू संपते. फोर्कमधील तेल अधिक दाट घेतल्यास अवमंदन वाढते. मागील शॉकॲब्सॉर्बर सतत चालल्याने तापतो, तेल पातळ होते व त्यात फेस येतो. दाबाखालील नायट्रोजन व स्वतंत्र तेलकोठी यांनी हा दोष कमी होतो.

चाल वाढविल्यास गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो, आसन उंच होते आणि साखळीचा कोन व बाजूच्या टेकूची लांबी पुन्हा तपासावी लागते. केवळ एकाच टोकास बदल केल्यास सुकाणूचा कोन बदलून गाडी अस्थिर होते; म्हणून पुढील व मागील निलंबनाचा विचार एकत्रच करणे आवश्यक असते.