सुवाह्य हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

सुवाह्य हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हे मोबाइल किंवा संगणकातील ध्वनिसंकेत वाढवून, आणि अनेकदा डिजिटल ध्वनीचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतरही करून, हेडफोनला पुरेशी विद्युतशक्ती देणारे छोटे उपकरण होय.

यूएसबी जोडणीत ध्वनी संक्षेपाविना जातो. सीडीच्या दर्जासाठी हा दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवर ध्वनीचा बहुधा संक्षेप केला जातो. एलडॅक पद्धतीचा कमाल दर ९९० किलोबिट असून अडथळे आल्यास तो घटू शकतो.

तथापि, ध्वनीचा दर्जा केवळ जोडणीवर ठरत नाही. ३०० ओहमच्या हेडफोनला सामान्यतः अधिक व्होल्टेज लागते. ते न मिळाल्यास यूएसबी उपकरणही अपुरे पडते. शिवाय किंचित मोठा आवाज कानाला सरस भासतो. म्हणून तुलना करताना दोन्ही उपकरणांची ध्वनिपातळी मोजून समान ठेवणे आवश्यक असते.