‘पत्री सरकार’ म्हणजे नेमकं काय? क्रांतिसिंह नाना पाटलांची गोष्ट

‘पत्री सरकार’ म्हटलं की आपल्याला तळपायावरचे फटकेच आठवतात. मूळ शब्द मात्र ‘प्रतिसरकार’. इंग्रजांना न जुमानता लोकांनीच चालवलेलं सरकार! त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील.

जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, गाव येडेमच्छिंद्र (आज सांगली जिल्हा). तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० च्या सविनय कायदेभंगात उतरले. १९४२ मध्ये भूमिगत झाले, ते १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागलेच नाहीत.

या काळात सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळं उभी राहिली. तंट्यांचा निकाल गावातच लागू लागला. गुंड आणि खबऱ्यांना पत्रीची शिक्षा व्हायची. आजच्या नजरेनं ती क्रूरच.

पण खरी कमाल ‘गांधी लग्ना’ची. लग्नासाठी कर्ज, कर्जापायी जमीन सावकाराकडे, हे चक्र नानांनी ओळखलं होतं. सत्यशोधक विचारांचा माणूस तो! म्हणून हुंडा नाही, मानपान नाही, अगदी थोडक्या खर्चात लग्न.

स्वातंत्र्यानंतर नाना १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये थेट बीडमधून खासदार झाले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.